खिशातला चुरा

आमच्या घरात खोटं बोललेलं एक वेळ खपून जातं, हावरटपणा खपत नाही. हा नियम माझ्या सासऱ्यांचा. त्यांना सगळी आळी आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणते. लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानामागच्या भट्टीवर त्यांचं आयुष्य गेलं. गुळाचा पाक, शेंगदाणे, तेल लावलेला ओटा, लाटणं आणि सुरी. वय झाल्यावर मालकांनी कढई दुसऱ्याच्या हातात दिली, पण आबा अजून रोज सकाळी जातात, पाकावर नजर ठेवतात आणि दुपार कलली की घरी येतात. जिथं दिवसभर डोळ्यांपुढं गोड पडलेलं असतं तिथं काम करायचं तर जिभेला लगाम हवा, असं त्यांचं म्हणणं. "हावऱ्या मान्साला आमच्यात कुनी ठेवत न्हाई. एकदा तोंड सुटलं की कामातनं मन उडतं," असं ते सांगतात आणि ते खरंही आहे.

घरी येताना त्यांच्या हातात कागदाची पुडी असायची. चिक्की लाटून वड्या पाडल्या की कडेचे वाकडेतिकडे तुकडे उरतात, काही वड्या मोडतात. हा चुरा कामगारांनी घरी न्यायचा, अशी जुनी रीत आहे. आमच्या आळीत भट्टीवर जाणाऱ्यांची आणखी काही घरं आहेत, त्यामुळे इथल्या पोरांना चिक्की म्हणजे काही विशेष वाटतच नाही. माझं माहेर तळेगावजवळच्या इंदुरीचं. तिथं आम्हा भावंडांना चिक्की मिळायची ती जत्रेत, नाहीतर कुणी पाहुणा लोणावळ्याहून आला तर. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला वाटलं, मी गुळाच्या ढेपेतच येऊन पडले.

मला दोन मुलं. थोरली मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, आणि धाकटा तिच्याहून तीन वर्षांनी लहान. पुडी सुटली की धाकटा आपला वाटा तिथंच उभ्या उभ्या तोंडात कोंबायचा. गाल फुगलेले, हनुवटीवर लाळ, आणि वर बहिणीच्या वाट्यावर डोळा. आबा त्याला बकासुर म्हणायचे. थोरलीचं उलटं. ती आपला वाटा कागदात बांधून फ्रॉकच्या खिशात ठेवायची आणि त्यातला एक कण, मग बऱ्याच वेळानं दुसरा कण, असा तोंडात टाकायची. शाळेत जाताना एक, मधल्या सुट्टीत एक, गृहपाठ करताना एक, अंथरुणात पडल्यावर एक. सकाळी उशीखाली कागद सापडायचा आणि त्यातही दोन दाणे शिल्लक असायचे. आबांना त्याचं केवढं कौतुक. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, "पुरवून खानारी पोर हाये माजी. हिच्या हातात संसार दिला तर कंदी काई कमी पडायचं न्हाई." मलाही ते ऐकून बरं वाटायचं. आपली मुलगी हावरट नाही, याचा कुठल्या आईला अभिमान नसतो?

तरी माझा स्वभाव तिखट. मनात आलं की बोलून मोकळी होते. जेवणाच्या तोंडावर पोरांना गोड देऊ नका, असं मी आबांना अनेकदा म्हटलं होतं. त्यांची दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, "आगं, साखरंनं दात किडत्यात. हा गूळ हाये. गूळ म्हंजी औषद." दुसरं त्याहून भारी. चिक्की कडक असते, ती चावली की दाढांना व्यायाम होतो आणि दात घट्ट होतात, असं भट्टीवरची सगळी मंडळी मानतात. गिऱ्हाइकांनाही तसंच सांगतात. एकदा मी विचारलं, "आबा, मग तुमच्या दाढांना व्यायाम जास्त झाला का?" त्यावर ते मनापासून हसले, तोंडभर हिरड्या दाखवून. चाळिशी उलटायच्या आत त्यांचे बहुतेक दात गेले होते. पुढं कवळी बसवली, पण ती लग्नकार्यात आणि फोटो काढताना. एरवी ती स्टीलच्या डबीत आणि आबा ओसरीवर. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण त्यांनीच मला स्वतःकडं बोट दाखवून ऐकवली होती. आयुष्यभर चिक्की केली आणि ऐन खायच्या वयापासून ती फक्त चोखली.

पावसाळ्यात चिक्की सादळते. आमच्याकडची हवाच अशी की डब्यातलं मीठ ओलं होतं, तिथं गुळाचं काय. कडक वडी मऊ, चिकट होते आणि विकायला चालत नाही, म्हणून त्या दिवसांत चुऱ्याची पुडी मोठी येते. असा सादळलेला चुरा दाताला चिकटला की जिभेनं कितीही कोरा, निघत नाही. त्या वर्षी श्रावणात घरात चुराच चुरा होता.

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, थोरली डावीकडूनच जेवते. मान जरा कलती, घास डाव्या गालात. आधी मला वाटलं, शाळेतली कुणाची तरी नक्कल असेल. मग ती भाकरी दुधात कुस्करून मागायला लागली. आबा तशीच खातात, तेव्हा मी तिला ओरडले, "तू काय म्हातारी झालीस का?" माझी ही मुलगी कुरकुर करणारी नव्हेच. दुखणंसुद्धा ती पुरवून पुरवूनच सोसत होती.

एका सकाळी ती गालावर हात धरून उठली आणि चहाचा पहिला घोट घेताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तिला खिडकीशी नेलं, मोबाइलचा उजेड तोंडात पाडला. उजवीकडं खाली, सगळ्यात मागच्या दाढेत काळा खड्डा होता. इतका मोठा की मला माझीच लाज वाटली. आबा मागं येऊन उभे राहिले. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि हुश्श केलं. "दुधाचीच हाये की. पडायचीच हाये ती. लवंग धर तितं. न्हाईतर पाडून टाकू, मंजी तरास सपला."

मलाही तसंच वाटलं. आमचा हिशेब सरळ होता. थोरलीचे पुढचे दुधाचे दात एकेक करून पडले होते, त्यांच्या जागी नवे आले होते. प्रत्येक वेळी आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं, पडलेला दात तिनं कौलावर फेकला होता. मागची दाढ मात्र एकही पडलेली नव्हती. जी पडलीच नाही तिच्या जागी नवी येणार कशी? म्हणजे मागच्या सगळ्या दुधाच्याच. शेजारच्या मावशींनाही विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. नवऱ्याला तळेगावच्या कारखान्यात फोन लावला, तो पाळीवर होता. तोही म्हणाला, "दुधाचा दात ना? मग घाबरतेस कशाला?" एवढी सगळी शहाणी माणसं एका बाजूला होती.

फक्त पाडायची कुणाकडं, एवढाच प्रश्न होता. आबांच्या मते दोरा आणि दाराची कडी पुरेशी होती. मी म्हटलं, एवढी मोठी दाढ, रक्त थांबलं नाही तर काय करायचं? बाजारातल्या रस्त्यावर एका दातांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना होता, तिथं घेऊन जाते. शनिवार होता. भुशी धरणाकडं निघालेल्या गाड्यांनी सगळा रस्ता अडवलेला. रिक्षा मिळेना, मिळाली ती हलेना. शेवटी मी पोरीला घेऊन उतरले आणि छत्री सावरत, गाड्यांच्या मधून वाट काढत चालत गेले. पर्यटकांवरचा राग, पावसावरचा राग, दाढेवरचा राग, सगळा एकत्र करून मी दवाखान्यात शिरले आणि बसायच्या आत म्हणाले, "डॉक्टर, ही दुधाची दाढ आहे. काढून टाका."

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या. बोलणं पुण्याकडचं, थोडकं. त्यांनी पोरीला खुर्चीत बसवलं, आरसा आत घातला, थोडी हवा मारली, एक्स-रेचा फोटो काढला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ही दुधाची नाही. ही कायमची आहे."

मी म्हटलं, "असं कसं? हिची मागची दाढ कधी पडलीच नाही."

"ही पडून येत नाही," त्या म्हणाल्या. "साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं नव्या जागी गुपचूप येते. काही पडत नाही, म्हणून घरात कुणाला कळत नाही. सगळ्यांना वाटतं दुधाचीच, आणि कुणी लक्ष देत नाही. सगळ्यात जास्त किडते ती हीच. आणि ही काढली तर तिच्या जागी दुसरी येणार नाही. जन्मभर नाही."

आठ वर्षांची पोर आणि मी तिची जन्माची दाढ उपटायला घेऊन आले होते, तेही घाईघाईनं, पावसातून चालत. डॉक्टरबाईंच्या जागी दोरा आणि कडी असती तर एव्हाना ती गेलीही असती. हा विचार आज मनात आला तरी अंगावर काटा येतो.

दाढ वाचेल का, असं विचारलं तर त्यांनी खोटा धीर दिला नाही. कीड आतपर्यंत गेली होती. दाढेचं मूळ अजून पुरतं बनलेलं नव्हतं, ते बनायला आणखी काही काळ जावा लागणार होता. आतल्या नसेत जीव राहिला तर मूळ वाढेल आणि दाढ टिकेल. नस मेली तर सगळं अवघड. "मी कीड काढते, आत औषध ठेवते, वरून बंद करते. पुढं दुखलं नाही, सूज आली नाही, तर काही महिन्यांनी परत फोटो काढून बघू. माझ्या हातात अर्धं आहे. अर्धं तुमच्या घरात आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, गोड किती खाते? माझं उत्तर तयारच होतं. मी मान ताठ करून सांगितलं, "माझी मुलगी हावरट नाही हो. धाकटा एका दमात संपवतो. ही दिवसभर पुरवते. एवढासा कण, खिशात ठेवून." डॉक्टरबाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. म्हणाल्या, "मग धाकट्याचे दात हिच्यापेक्षा चांगले असतील." आणि ते खरं होतं. बकासुराच्या दातावर काळा ठिपकासुद्धा नव्हता.

त्यांनी मला जे सांगितलं ते इतकं सोपं होतं की राग आला. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दातांना जास्त कळतं. गोड तोंडात गेलं की तोंडातले जंतू त्यावर जगतात, आंबट करतात, आणि ते आंबट दात झिजवतं. मग लाळ हळूहळू सगळं धुऊन काढते, दाताची झीज थोडी भरूनही काढते. पण त्यासाठी तिला सवड लागते. दर थोड्या वेळानं नवा कण तोंडात गेला तर लाळेनं कधी काम करायचं? रात्री तर लाळ कमीच सुटते, आणि ही पोर तोंडात गूळ धरून झोपते. त्यात सादळलेला चुरा, चिकटून बसणारा. गूळ आणि साखर यांत दातांना काही फरक नाही. आणि सगळ्यात मागं, जिथं आठ वर्षांच्या मुलीचा ब्रश नीट पोचतच नाही, तिथं नवी दाढ. "ती स्वतः घासते का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सकाळी घासते, स्वतःच, मला तिला सांगावंही लागत नाही. हेही मी कौतुकानंच सांगितलं. त्या दिवशी माझं एकेक कौतुक असं गळून पडत होतं.

पोर मात्र शहाण्यासारखी बसली. सुईच्या वेळी तिनं माझं बोट इतकं आवळलं की पुढचे दोन दिवस दुखत होतं. त्या बोटाचं मला कौतुक वाटतं, आणि हे मात्र अजून गळून पडलेलं नाही.

खरी पंचाईत घरी होती. आबांना सांगायचं कोणी? सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. आबांच्या दिवसाला दोनच टोकं उरली होती, सकाळची भट्टी आणि संध्याकाळची पुडी. पोरं दारात पळत येतात, खिसे चाचपतात, तेवढ्यासाठी तो माणूस घाट चढल्यासारखा धापा टाकत चालत यायचा. त्या पुडीनं पोरीची दाढ किडली, हे सुनेनं सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगायचं? नवऱ्याला म्हटलं, तुम्ही सांगा. तो म्हणाला, "तुझंच तोंड चालतं, तूच सांग." आणि मला पहिल्यांदाच शब्द सापडेनात. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कोणाला?

शेवटी थोरलीनंच सांगून टाकलं. संध्याकाळी आबांनी पुडी सोडली तेव्हा ती म्हणाली, "आबा, डॉक्टरबाई म्हणाल्या, चुरा खिशात ठेवायचा नाही. माझी मोठी दाढ त्यानंच किडली. ती दुधाची नाही. ती गेली तर परत येणार नाही." मुलांना गोड करून सांगता येत नाही. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी पुडी होती तशी बांधली आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळून आत ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून ते रिकाम्या हातानं यायला लागले. उशिरा यायचे, मागच्या दारानं यायचे. पोरं हाक मारायची तर "आलो, आलो" म्हणून आत जायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. थोरली दोनतीन वेळा त्यांच्याजवळ जाऊन बसली. ते तिच्याकडं बघेनात. एका संध्याकाळी ती माझ्याकडं येऊन म्हणाली, "आई, मला चुरा नको होता. आबा पाहिजे होते." दाढ वाचवायच्या नादात मी पोरीचा आजा घालवत होते.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना मी आबांना म्हटलं, "तुम्हीही चला." ते नाही म्हणाले. मी म्हटलं, "मला एकटीला भीती वाटते." ते थोडं खरंही होतं. मग त्यांनी डबीतून कवळी काढली, धुतली, बसवली, टोपी घातली आणि लग्नाला निघाल्यासारखे निघाले.

डॉक्टरबाईंनी पोरीची दाढ बघितली, ठोकून बघितली, दुखत नाही म्हणाल्या, आणखी वाट बघू म्हणाल्या. आबा दाराशीच उभे होते. तिथून त्यांनी विचारलं, "बाई, म्या चुरा दिला म्हनून हे झालं. व्हय ना?"

मला वाटलं, ही थोडकं बोलणारी बाई आता हो म्हणेल आणि संपेल. पण त्यांनी आबांना खुर्ची दिली आणि विचारलं, "आबा, तुम्ही गुळाची कढई कशी धुता?"

"गरम हाये तवर," आबा म्हणाले. "निवली की गूळ धरून बसतो. मग खरवडून बी निगत न्हाई. कढईचं बूड जातं पर गूळ जात न्हाई."

"आणि दिवसभर धुतलीच नाही, वरून थोडा थोडा पाक ओतत राहिला तर?"

आबा हळूच म्हणाले, "कढई भंगारात जाईल."

"तसंच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पोरीला खाऊ देऊ नका, असं मी म्हणतच नाही. आठवड्यातनं एखाद्या दिवशी द्या. जेवणाबरोबर, एकदम, आणि तिथंच संपवायला लावा. खिशात काही नको. आणि रात्री झोपायच्या आधी कढई धुवा. पण ती मोठ्या माणसानं धुवायची. पोरीचा हात मागपर्यंत जात नाही." मग त्यांनी ब्रश हातात घेऊन, वाटाण्याएवढी पेस्ट लावून, मागची दाढ कशी घासायची ते आबांना दाखवलं. मला नाही, आबांना. ते सरसावून पुढं वाकून बघत होते, पाकाची तार बघावी तसे. त्या एका गोष्टीसाठी मी त्या बाईंचे उपकार कधी विसरणार नाही. दाढ त्या वाचवतच होत्या. त्यांनी माझ्या घरातला म्हातारा वाचवला.

त्या दिवसापासून आमच्याकडं जेवणं उरकली की आबा ओसरीवर पाय सोडून बसतात. थोरली त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होते, तोंड उघडते. आबा डाव्या हातानं तिची हनुवटी धरतात आणि उजव्या हातानं मागून पुढं, आतून, बाहेरून, वरून असं घासतात. गुळाच्या चटक्यांनी राठ झालेला तो हात तेवढ्या वेळापुरता इतका हलका होतो की मी बघत राहते. थोरली झाली की बकासुर. तो चावायला बघतो, आबा त्याच्या डोक्यात टपली मारतात. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही. दोनदा मी घासलं तर त्यांनी उजेड पाडून तपासलं आणि म्हणाले, "मागलं ऱ्हायलंय." सासूचा जाच नाही म्हणून सुटले होते, तो आता सासऱ्यांकडून मिळतो, आणि मला तो गोड वाटतो.

एकदा घासता घासता ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आमच्या आईला कुनी सांगितलंच न्हाई बग. तिला ठावं असतं तर तिनं बी घासलं असतं." एवढं बोलून त्यांनी पोरीला चूळ भरायला लावली.

मधले महिने अवघड गेले. रोज सकाळी आबा भट्टीवर जायच्या आधी विचारायचे, "दुकतंय का गं?" ती नाही म्हणायची, तरी तिच्या जबड्यावर बोट फिरवून सूज आहे का बघायचे. एकदा तिला ताप आला तर आबा आणि मी दोघंही दाढेच्या भीतीनं गारठलो. साधा सर्दीचा ताप होता. दसरा गेला, दिवाळी गेली. फराळ तेवढा सगळ्यांनी जेवणाच्या ताटावर बसून खाल्ला. आळीतल्या बायका आम्हाला हसल्या. मग त्यातल्या दोघी आपापली पोरं घेऊन आबांकडं आल्या, दाढ दुधाची की कायमची ते बघायला. आबांनी बघितलं आणि एकीला थेट डॉक्टरबाईंकडं पाठवलं.

थंडीत परत फोटो काढला. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं. मला त्या काळ्यापांढऱ्यात काही कळलं नाही, पण त्यांचा चेहरा कळला. मूळ वाढत होतं. नस जिवंत होती. त्यांनी दाढेवर स्टीलची टोपी बसवली आणि म्हणाल्या, "आता दोन्ही बाजूंनी चावू दे." मी त्यांचे हात हातात घेतले. मी कुणासमोर सहसा रडत नाही, तिथं रडले. त्या गोंधळल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारायला लागल्या.

घरी आलो तेव्हा आबा ओसरीवर होते. मी सांगितलं, वाचली. त्यांनी ऐकलं, पण पटलेलं दिसेना. डॉक्टर काही का म्हणेनात, त्यांना स्वतः खात्री करायची होती. ते आत गेले आणि भट्टीवरून आणलेले भाजलेले शेंगदाणे मूठभर घेऊन आले. नुसते दाणे, गूळ नाही. थोरलीला जवळ बसवलं. "उजवीकडनं," म्हणाले.

तिनं दाणे उजव्या गालात घेतले आणि घाबरत घाबरत दात मिटले. कित्येक महिन्यांत त्या बाजूनं तिनं काही चावलं नव्हतं. काही झालं नाही. ती हसली आणि जोरात चावायला लागली.

आबांनी टोपी काढून बाजूला ठेवली. वाकले आणि आपला कान तिच्या उजव्या गालाला लावला. "थांबू नगंस," ते म्हणाले. "चाव. लय दिवसांनी आवाज ऐकतोय." तिनं आणखी दाणे तोंडात टाकले. आबांनी डोळे मिटले होते. त्यांच्या रिकाम्या तोंडातले जबडे तिच्याबरोबर हळूहळू हलत होते.